इतिहासाचा कार्यक्रम बनतो कसा? साताऱ्यातून पाहिलेली पार्श्वभूमी

जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आली. करार तीन वर्षांचा, त्यातले पहिले सात महिने साताऱ्याचे. वाघनखांच्या पेटीवर मजकूर आहे: जेम्स ग्रँट डफ साताऱ्यात इंग्रजांचा रेसिडेंट असताना ही त्याला पेशव्यांच्या प्रधानाकडून मिळाली. महाराजांनी वापरली ती हीच, याचा पुरावा आपल्याकडे नाही, असं लंडनचं संग्रहालय स्वतःच सांगतं. आता या विषयावर पाऊण तासाचा कार्यक्रम करायचा तर हे शेवटचं वाक्य ठेवायचं की गाळायचं? इतिहासाचे कार्यक्रम करणाऱ्यांसमोरचा हा रोजचा पेच आहे, आणि त्यांच्या जागतिक परिषदा समजून घ्यायच्या तर सुरुवात इथूनच करावी लागते.

या धंद्याचा पाया इंग्लंडमध्ये घातला गेला. १९६४ मध्ये बीबीसीने पहिल्या महायुद्धावर २६ भागांची मालिका केली आणि त्यासाठी लढून आलेल्या म्हाताऱ्या सैनिकांना कॅमेऱ्यासमोर बसवलं. १९७३ मध्ये थेम्स टेलिव्हिजनने ‘द वर्ल्ड अ‍ॅट वॉर’ आणली, तीही २६ भागांची. दुसरं महायुद्ध संपून तेव्हा अठ्ठावीस वर्षं झाली होती. साक्षीदार हयात होते, बोलायला तयार होते, आणि रणांगणावरची फिल्म डब्यांत पडून होती. आजही इतिहासाच्या माहितीपटाचं शिक्षण या मालिकेशिवाय पुरं होत नाही. पुढे १९९० मध्ये केन बर्न्स यांनी अमेरिकी यादवी युद्धावर नऊ भाग केले. एकोणिसाव्या शतकातल्या त्या युद्धाची फिल्म असणं शक्यच नव्हतं. त्यांनी जुन्या छायाचित्रांवरून कॅमेरा सावकाश फिरवला आणि सैनिकांची पत्रं वाचून घेतली. एवढ्यावर सगळा देश टीव्हीसमोर बसला. १९९५ मध्ये अमेरिकेत हिस्टरी चॅनल सुरू झालं, आणि इतिहासाला चोवीस तास भरणारा माल हवा झाला.

माल आला की बाजार आलाच. आधी कान शहरात टीव्ही कार्यक्रमांची मोठी पेठ भरायची. पुढे विज्ञान आणि इतिहासवाल्यांचे स्वतंत्र मेळावे सुरू झाले. त्यांतली ‘वर्ल्ड काँग्रेस ऑफ सायन्स अँड फॅक्च्युअल प्रोड्यूसर्स’, म्हणजे विज्ञान आणि माहितीपर कार्यक्रमांच्या निर्मात्यांची जागतिक परिषद, वेगवेगळ्या देशांत भरत आली आहे. तिथे निर्माता दोन पानांचा प्रस्ताव आणि दोन-तीन मिनिटांची झलक घेऊन वाहिनीच्या अधिकाऱ्यांसमोर उभा राहतो. एका वाहिनीला सगळा खर्च झेपत नाही, म्हणून तीन-चार देशांच्या वाहिन्या मिळून पैसे घालतात आणि आपापल्या देशाचे हक्क ठेवतात. जुनं फुटेज मिनिटावर, कधी सेकंदावर विकत घ्यायचं. कुठे आणि किती वर्षं दाखवणार, यावर त्याचा भाव ठरतो.

पॅरिस आणि टोरांटोतल्या माणसाला एका दमात कळेल तोच विषय अशा बाजारात चालतो. हिटलर चालतो, पिरॅमिड चालतात. पानिपत मांडायला उभं राहिलं तर मराठे कोण, हे सांगण्यातच अर्धा वेळ जाईल. हा दोष विषयाचा नाही, मांडवाचा आहे.

आपल्याकडची वाट वेगळी. दूरदर्शनवर १९८८ मध्ये श्याम बेनेगल यांची ‘भारत एक खोज’ आली, ५३ भागांची. मूळ पुस्तक नेहरूंनी अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत असताना लिहिलेलं. मराठीत मात्र इतिहास कादंबरीच्या दारातून आला: रणजित देसाईंची ‘स्वामी’ आणि तिच्यावरची मालिका. मग २००८ मध्ये स्टार प्रवाहवर ‘राजा शिवछत्रपती’, २०१७ पासून झी मराठीवर ‘स्वराज्यरक्षक संभाजी’. २०१२ ची ‘उंच माझा झोका’ ज्या रमाबाई रानड्यांची, त्यांचा जन्म आपल्या सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याचा. या मालिकांनी घराघरांत इतिहासाची ओढ लावली, हे मी मनापासून मानतो. पण कागद समोर ठेवून, ‘इथे पुरावा आहे, इथे नाही’ असं सांगणारा माहितीपट आपल्या वाट्याला फारच थोडा आला.

आणि कागदाला या भागात कधी तोटा नव्हता. इतिहासाचार्य राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला तो वाईत सापडलेल्या पत्रांवर. साताऱ्यात रावबहादूर पारसनिसांनी कागद, चित्रं, नकाशे जमवून संग्रहालय उभं केलं. तो संग्रह पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. रुमालात बांधलेलं मोडी पत्र सोडलं, वेलांटी-उकारांतून धावणारी ती न तुटणारी ओळ कॅमेऱ्याने सावकाश टिपली आणि जाणत्याने ती मोठ्याने वाचली, तर त्यात बर्न्स यांच्या छायाचित्रांइतकीच ताकद आहे.

मला खरी हळहळ वाटते ती प्रतिसरकारची, म्हणजे स्वातंत्र्यलढ्यात नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली या भागात इंग्रजांना समांतर चाललेल्या सरकारची. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ प्रतिसरकारच्या तुफान सेनेने, म्हणजे त्याच्या सशस्त्र दलाने, इंग्रज सरकारच्या पगाराचे पैसे नेणारी रेल्वेगाडी अडवून लुटली. शेणोली आज सातारा जिल्ह्यात, प्रतिसरकारचं ठाणं असलेलं कुंडल सांगलीत. तेव्हा शेणोली सातारा जिल्ह्यातच होतं, कुंडल मात्र औंध संस्थानात. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. क्रांतिसिंह नाना पाटील गेले ६ डिसेंबर १९७६ ला. म्हणजे लंडनमध्ये ‘द वर्ल्ड अ‍ॅट वॉर’साठी साक्षीदार बोलते केले जात होते, त्याच काळात आपल्याकडेही नायक हयात होता, त्याचे शेकडो साथीदार गावोगाव होते आणि केंद्रही उभं राहिलं होतं. फार थोड्यांपर्यंत कॅमेरा पोचला, तोही फार उशिरा. पत्रकार पी. साईनाथ यांनी ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) या संकेतस्थळासाठी प्रतिसरकारातले कुंडलचे कॅप्टन भाऊ आणि नानांच्या कन्या हौसाताई यांना बोलतं केलं, तेव्हा दोघांनी नव्वदी गाठली होती. हौसाताई २०२१ मध्ये गेल्या, कॅप्टन भाऊ २०२२ मध्ये.

वाळवा, पलूस, कडेगाव, कराड या पट्ट्यात कुणाच्या घरी आजोबांनी सांगितलेल्या आठवणींची कॅसेट, लग्नाच्या व्हिडिओत अडकलेलं एखादं भाषण किंवा जुन्या मोबाइलमधली गप्पांची फीत असेल, तर आधी तिची एक प्रत काढा. सोबत बोलणाऱ्याचं नाव, गाव आणि तारीख लिहून ठेवा.