पदवीचा मेजर विषय बदलायचा असेल तर : पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

बारावीनंतर घाईघाईत घेतलेला मेजर, म्हणजे मुख्य विषय पहिल्याच वर्षी नकोसा वाटू लागला, तर तो पदवी संपेपर्यंत ओढत न्यायची गरज नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर 2022 मधील पदवी आराखड्यात दुसरे सेमिस्टर संपल्यावर मेजर बदलण्याची सोय आहे.

बदल त्याच व्यापक विद्याशाखेत करता येतो. म्हणजे इतिहासाच्या विद्यार्थिनीला अर्थशास्त्राकडे वळता येईल, रसायनशास्त्राकडे नाही. शिवाय जागा हवी. रिकाम्या जागांखेरीज मंजूर संख्येच्या 10 टक्के जादा जागा कॉलेज यासाठी काढू शकते. पण काढायलाच हव्यात, असे नाही. प्राधान्य पहिल्या वर्षी एकही विषय न राहिलेल्यांना, त्यातही ज्यांचा सीजीपीए (सेमिस्टरच्या गुणांची एकत्रित सरासरी) जास्त त्यांना. म्हणूनच, विषय आवडत नाही म्हणून त्याचा अभ्यास सोडू नका. एखादा विषय राहून एटीकेटी लागली की हा मार्ग जवळजवळ बंद होतो, आणि हे बऱ्याच मुलांच्या फार उशिरा लक्षात येते.

करिअरसाठी बदल करत असाल, तर आधी जी स्पर्धा परीक्षा द्यायची आहे तिची मूळ जाहिरात वाचा. नागरी सेवा परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी चालते. तिच्यासाठी आवडता विषय सोडायचे कारणच नाही. भारतीय सांख्यिकी सेवेला मात्र पदवी किंवा पदव्युत्तर स्तरावर संख्याशास्त्र लागतेच. एमए, एमएस्सीचा विचार असेल, तर आयोगाच्या 2024 च्या पदव्युत्तर आराखड्यानुसार मायनर, म्हणजे मेजरच्या जोडीला घेतलेल्या दुय्यम विषयातही प्रवेशाची वाट खुली आहे. माझ्या मते कित्येकांचे काम मेजर न बदलता, मायनर नीट निवडूनच होईल.

कागदपत्रे कॉलेजप्रमाणे थोडी बदलतात. दोन्ही सेमिस्टरच्या गुणपत्रिका, ओळखपत्र, चालू फीची पावती आणि एबीसी (अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) या ऑनलाइन खात्याचा क्रमांक जवळ ठेवा. त्या खात्यात पहिल्या वर्षाचे क्रेडिट, म्हणजे पेपर पूर्ण केल्याबद्दल मिळणारे श्रेयांक, जमा झालेत का, तेही पाहून घ्या.

अर्ज प्राचार्यांच्या नावे, तिसरे सेमिस्टर सुरू होण्याआधी आणि कॉलेजने दिलेल्या मुदतीतच करा. पोच घ्या. जुन्या मेजरचे क्रेडिट नव्या रचनेत कुठे धरणार आणि नव्या विषयाचे पहिल्या वर्षाचे पेपर वेगळे द्यावे लागतील का, ही दोन उत्तरे लेखी मागा. मंजुरी मिळाली तरी परीक्षा अर्जावर नवाच विषय छापून आलाय ना, हे सही करण्यापूर्वी तपासा.