छडीऐवजी काय? मिशन शाळांतील शिक्षक-प्रशिक्षणाची पार्श्वभूमी

अमेरिका-ब्रिटनमधल्या ख्रिस्ती शिक्षणसंस्था आफ्रिकेतल्या चर्चच्या शाळांसाठी शिक्षकांचे वर्ग घेतात, तेव्हा एक विषय बहुधा असतोच: वर्गातली शिस्त. न मारता मुलांना कसं सांभाळायचं? प्रश्न विचारणाऱ्या शिक्षकाच्या हाताशी बायबलचा आधार असतो. नीतिसूत्रांच्या १३ व्या अध्यायातलं २४ वं वचन म्हणतं की, जो छडी आवरतो तो मुलाचा वैरी. (सगळ्यांच्या तोंडी असलेली ‘छडी आवरली की मूल बिघडलं’ ही इंग्रजी म्हण मात्र बायबलमध्ये जशीच्या तशी नाही. ती १७ व्या शतकातल्या एका विडंबनकाव्यातून आली. आपल्या ‘छडी लागे छमछम’लाही कुठल्या शास्त्राचा आधार शोधत बसू नये.)

हा वाद नवा नाही आणि त्याची सुरुवात ‘परदेशी’ म्हणावी अशा ठिकाणीही झालेली नाही. ती झाली मद्रासला.

अँड्र्यू बेल हा स्कॉटलंडमध्ये जन्मलेला धर्मोपदेशक १७८९ मध्ये एग्मोरच्या लष्करी अनाथाश्रमाचा प्रमुख झाला. तिथली मुलं म्हणजे गोऱ्या शिपायांची, हिंदी आयांच्या पोटी झालेली. जवळच्या एका देशी शाळेत मुलं वाळूत बोटानं अक्षरं गिरवताना त्यानं पाहिली. धूळपाटी आपल्याकडे घरोघरी माहीत होती, बेलला ती नवलाची वाटली. त्याच्या हाताखालच्या मास्तरांनी ‘असं शिकवता येणार नाही’ म्हणून अंग चोरलं, तेव्हा त्यानं जॉन फ्रिस्कन नावाच्या आठ वर्षांच्या पोरालाच बाराखडीचा वर्ग दिला. थोरल्यांनी धाकट्यांना शिकवायचं, ही पद्धत तिथून उभी राहिली. शिस्तही मुलांकडेच होती. कुणी काय आगळीक केली ते एका काळ्या वहीत लिहायचं आणि आठवड्यानं मुलांच्याच पंचांपुढे वाचायचं. फटके क्वचितच लागतात, असा बेलचा दावा होता. १७९७ मध्ये त्यानं हे लंडनमध्ये छापलं.

लंडनच्या बरो रोडवर जोसेफ लँकेस्टर या क्वेकर पंथीयानं जवळजवळ तीच पद्धत अवाढव्य केली. एक मास्तर हजार मुलं सांभाळेल, असं तो म्हणे. छडी त्याला मान्य नव्हती, पण तिच्या जागी जे आणलं ते वाचून अंगावर काटा येतो: बडबड्या मुलाच्या गळ्यात लाकडी ओंडका अडकवायचा किंवा त्याला टोपलीत घालून छताला टांगायचं, म्हणजे बाकीची हसतील. अंगावरचा वळ गेला आणि चारचौघांत शोभा आली. याला मी सुधारणा म्हणणार नाही.

पण प्रसार झाला तो याचाच. ब्रिटिश अँड फॉरेन स्कूल सोसायटी या मंडळीमार्फत बरो रोडची पद्धत समुद्रापार गेली. जेम्स थॉमसन या स्कॉटिश बॅप्टिस्टानं १८१८ मध्ये ब्यूनोस आयर्सला, पुढे चिली आणि पेरूमध्ये अशा शाळा काढल्या. वाचनाचे तक्ते बायबलमधल्या उताऱ्यांचे असत. एकाच मास्तरात शेकडो मुलं शिकतात म्हटल्यावर तिथली नवी सरकारं खूश होती. पद्धत पसरली ती स्वस्त होती म्हणून.

खरा वेगळा विचार ग्लासगोच्या डेव्हिड स्टो यानं केला. त्याच्या नॉर्मल सेमिनरीत, म्हणजे शिक्षक घडवणाऱ्या शाळेत (१८३७), शारीरिक शिक्षा नव्हती आणि बक्षिसंही नव्हती. मैदानाला तो ‘बिनछपराचा वर्ग’ म्हणे. मूल खेळताना कसं वागतं ते शिक्षकानं पाहायचं आणि मग वर्गात त्यावर बोलायचं. मैदानाच्या कडेला फुलझाडं लावलेली असत. ती न तोडणं हाच धडा. वेस्लियन पंथानं स्वतःचं कॉलेज निघेपर्यंत आपले उमेदवार त्याच्याकडे पाठवले, आणि त्याच्या हाताखाली तयार झालेले शिक्षक वेस्ट इंडीज, ऑस्ट्रेलियापर्यंत गेले.

आपल्याकडचा धागा अमेरिकन मराठी मिशनचा. सिंथिया फरार १८२७ मध्ये मुंबईला आल्या आणि १८३९ पासून अहमदनगरला मुलींच्या शाळा पाहू लागल्या. सावित्रीबाई फुले यांनी त्यांच्याकडे आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये अध्यापनाचे धडे घेतले, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. पंतोजीच्या छडीखेरीज शाळेचं चित्र डोळ्यापुढे येत नव्हतं, तो हा काळ.

मग छडी गेली का? वसाहतींच्या शाळांत ती उलट पक्की झाली, मिशनच्या शाळाही सुटल्या नाहीत. ती हलली कायद्यानं. दक्षिण आफ्रिकेनं १९९६ च्या शाळा कायद्यात तिच्यावर बंदी घातली. त्याविरुद्ध १९६ ख्रिस्ती शाळांची संघटना तिथल्या संविधान न्यायालयापुढे गेली. या शाळांत साडेचौदा हजारांच्या आसपास मुलं होती. पालकच आपला अधिकार शिक्षकाला देतात आणि तो धर्माचा भाग आहे, असं त्यांचं म्हणणं. ऑगस्ट २००० मध्ये न्या. अल्बी सॅक्स यांनी लिहिलेल्या एकमुखी निकालानं ते फेटाळलं. घरातल्या माराचा प्रश्न त्यात नव्हता. तोही २०१९ मध्ये त्याच न्यायालयानं बेकायदा ठरवला.

केनियात २००१ मध्ये शाळेतली छडी बंद झाली आणि २००३ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत झालं. दहा लाखांहून जास्त मुलं नव्यानं वर्गात आली. एका खोलीत ऐंशी-नव्वद मुलं, आणि शिक्षकाच्या हातातलं एकुलतं एक साधन नुकतंच काढून घेतलेलं. प्रशिक्षणाची मागणी वाढली ती इथे. नीतिसूत्रांतल्या त्या वचनाच्या अर्थावरची चर्चाही होते: छडी म्हणजे मेंढपाळाची काठी, ती वळवायला असते, असं प्रशिक्षक सांगतात. पण शिक्षकाचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: एवढ्या मुलांचं करू काय? मग सुचवलं जातं की बाकं फिरवून गट करा, आणि प्रत्येक गटाला एक थोरला मुलगा किंवा मुलगी प्रमुख म्हणून द्या. एग्मोरला ते काम जॉन फ्रिस्कन करत होता.