वुड, व्हिक्टोरिया

वुड, व्हिक्टोरिया : (१९ मे १९५३ – २० एप्रिल २०१६). ब्रिटिश विनोदी लेखिका, अभिनेत्री, गीतकार, गायिका आणि दिग्दर्शिका. उत्तर इंग्लंडमधल्या सामान्य बायकांचे बोलणे त्यांनी जसेच्या तसे कानात साठवले आणि त्यातून प्रहसने, गाणी, नाटके व दूरचित्रवाणी मालिका लिहिल्या. वाद्यवृंदाशिवाय, केवळ एका पियानोच्या साथीने त्या एकट्या रंगमंचावर उभ्या राहत. लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलसारखे प्रचंड सभागृह त्यांनी १९९३ मध्ये सलग १५ रात्री भरवले. ब्रिटनमध्ये एकट्या स्त्रीने विनोदाच्या बळावर एवढी मोठी गर्दी खेचण्याची उदाहरणे त्याआधी जवळजवळ नव्हती.

त्यांचा जन्म लँकशरमधल्या प्रेस्टविच येथे झाला आणि बालपण जवळच्या बेरी या गावात गेले. वडील स्टॅनली वुड विमा विकत. फावल्या वेळात ते गाणी आणि नाटकेही लिहीत. चार भावंडांत व्हिक्टोरिया सर्वांत धाकट्या. गावाबाहेर उंचावर असलेल्या त्या मोठ्या घरात प्रत्येक जण आपापल्या खोलीत असे आणि एकत्र बसून गप्पा मारण्याची पद्धत फारशी नव्हती. लाजऱ्या, स्थूल आणि एकट्या पडलेल्या या मुलीला पियानो आणि पुस्तके यांनी सोबत केली. लहानपणी तिने जॉइस ग्रेनफेल या एकपात्री कलावतीचा प्रयोग पाहिला. एकटी बाई रंगमंचावर उभी राहून सभागृह ताब्यात घेऊ शकते, हे तिला तेव्हा प्रथम दिसले. पंधराव्या वर्षी ती रॉचडेल येथील युवा नाट्यशाळेत दाखल झाली. आपल्यासारखी माणसे तिला तिथे भेटली.

बर्मिंगहॅम विद्यापीठात नाट्यशिक्षण घेत असतानाच १९७४ मध्ये ‘न्यू फेसेस’ या नवोदित कलावंतांच्या दूरचित्रवाणीवरील स्पर्धेत त्यांनी एक फेरी जिंकली. त्यानंतर मात्र काम सहज मिळाले नाही. १९७६ मध्ये ‘दॅट्स लाइफ’ या बीबीसीच्या कार्यक्रमात त्या ताज्या घडामोडींवर गाणी म्हणत. याच काळात जादूगार जेफ्री ड्यूरम यांची ओळख झाली. १९८० मध्ये दोघांनी लग्न केले. त्यांना एक मुलगी व एक मुलगा झाला. पुढे २००२ मध्ये ते वेगळे झाले.

कारकिर्दीला वळण मिळाले ते १९७८ मध्ये. लंडनच्या बुश थिएटरमधील एका प्रहसनमालेत काम करताना त्यांची गाठ जूली वॉल्टर्स या अभिनेत्रीशी पडली. मँचेस्टरमध्ये नाट्यशिक्षणाच्या प्रवेशचाचणीच्या वेळी आपण आधीच भेटलो होतो, हे दोघींच्या तेव्हा ध्यानात आले. व्हिक्टोरियाला तिथे प्रवेश मिळाला नव्हता आणि जूली तिथली विद्यार्थिनी होती. त्या वर्षी शेफील्डच्या क्रूसिबल थिएटरसाठी वुड यांनी ‘टॅलेंट’ हे नाटक लिहिले. १९७९ मध्ये ग्रॅनडा वाहिनीने त्याची दूरचित्रवाणी आवृत्ती केली आणि तीत दोघी एकत्र आल्या. पुढची ‘वुड अँड वॉल्टर्स’ ही प्रहसनमालिका निर्माते पीटर एकर्स्ली यांच्या निधनाच्या छायेत तयार झाली. वुड स्वतः तिच्यावर समाधानी नव्हत्या.

‘व्हिक्टोरिया वुड : अॅज सीन ऑन टीव्ही’ (१९८५–८७) ही बीबीसीवरील मालिका हे त्यांचे खरे शिखर. सीलिया इम्री, डंकन प्रेस्टन, सूझी ब्लेक आणि अर्थातच जूली वॉल्टर्स असा संच त्यांनी जमवला आणि तो आयुष्यभर सोडला नाही. ‘टू सूप्स’ या प्रहसनात गाडी पकडण्याची घाई असलेले जोडपे हॉटेलात बसते. वाढायला येते ती कानाने मंद, पायाने डुगडुगणारी वृद्ध बाई. दोन सूप मागवली, यापलीकडे गोष्ट काहीच नाही. तरीही तिच्या प्रत्येक फेरीगणिक हसू वाढत जाते आणि त्या बाईची कीवही वाटत राहते. अभिनेत्री पॅट्रिशिया रूटलेज यांच्यासाठी लिहिलेली ‘किटी’ या पात्राची स्वगते याच मालिकेतली.

मालिकेत तुकड्यातुकड्यांनी येणारी ‘एकॉर्न अँटिक्स’ ही त्या काळच्या ‘क्रॉसरोड्स’सारख्या घाईत चित्रित होणाऱ्या दैनंदिन मालिकांची नक्कल होती. जुन्या वस्तूंचे दुकान, डगमगणाऱ्या भिंती, चुकलेला कॅमेरा, आपली पाळी येण्याची वाट पाहत उभे राहिलेले नट आणि थरथरत चहाचा ट्रे आणणाऱ्या कामवाल्या मिसेस ओव्हरॉल. अशा फजितीची नक्कल करायला अत्यंत काटेकोर तालीम लागते, आणि वुड तालमीबाबत कठोर होत्या. लिहिलेला शब्द नटाने बदललेला त्यांना खपत नसे. २००५ मध्ये ट्रेव्हर नन यांच्या दिग्दर्शनाखाली याच कल्पनेवर लंडनच्या थिएटर रॉयल हेमार्केटमध्ये संगीतिका झाली.

त्यांच्या विनोदाचे मर्म नामांत आहे. बिस्किटाचे, कपड्याच्या दुकानाचे, साप्ताहिकाचे, उपनगराचे नेमके नाव त्या वाक्याच्या नेमक्या जागी ठेवत. त्या नावाच्या उच्चारातच हशा दडलेला असे. वाक्यातली अक्षरे त्या पियानोच्या पट्ट्यांसारखी मोजत, असे म्हणावेसे वाटते. ‘द बॅलड ऑफ बॅरी अँड फ्रेडा’ हे त्यांचे सर्वांत गाजलेले गाणे. उतावीळ बायको आणि सबबी सांगून टाळणारा नवरा यांची ही जुगलबंदी कडव्यागणिक वेग घेते आणि त्यात ‘वुमन्स वीकली’ हे घरगुती साप्ताहिक अनपेक्षित कामी येते. मध्यमवयीन बाईची वासना इतक्या निर्भेळ आनंदाने गाणारे दुसरे गाणे सहसा आढळत नाही. इतके स्थानिक लेखन भाषांतरात टिकत नाही. ब्रिटनबाहेर त्यांचे नाव त्या मानाने कमी पोहोचले याचे एक मोठे कारण हेच असावे.

‘डिनरलेडीज’ (१९९८–२०००) ही मँचेस्टरमधील एका कारखान्याच्या कँटीनमध्ये घडणारी मालिका. दोन पर्वांतले सर्व १६ भाग त्यांनी एकटीने लिहिले. प्रत्येक भाग प्रेक्षकांसमोर लागोपाठ दोन रात्री चित्रित होई. पहिल्या रात्री जिथे हशा पडला नाही तिथले संवाद दुसऱ्या दिवशी नव्याने लिहिले जात. टोस्ट भाजता भाजता चाललेल्या गप्पांतून रजोनिवृत्ती, एकटेपणा, आजारपण, न जमलेले संसार असे सारे येते. वुड यांनी स्वतःसाठी ब्रेन ही समंजस, सगळ्यांचे ऐकून घेणारी भूमिका ठेवली आणि टाळ्यांची वाक्ये अॅन रीड, थेल्मा बार्लो, भारतीय वंशाच्या शोभना गुलाटी व तेव्हा नवख्या असलेल्या मॅक्सीन पीक यांना वाटून दिली. जूली वॉल्टर्स तर ब्रेनच्या बेफाम आईच्या भूमिकेत धुमाकूळ घालतात. स्वतःच्या नावावर चालणाऱ्या कार्यक्रमात इतक्या उदारपणे दुसऱ्यांना जागा देणारे विनोदकार थोडे.

पुढे त्या गंभीर लेखनाकडे वळल्या. ‘हाउसवाइफ, ४९’ (२००६) हा चित्रपट बॅरो-इन-फर्नेस येथील गृहिणी नेला लास्ट यांच्या दुसऱ्या महायुद्धातील रोजनिशीवर आधारलेला आहे. सामान्य माणसांचे दैनंदिन जीवन नोंदवणाऱ्या ‘मास ऑब्झर्व्हेशन’ या प्रकल्पासाठी ती रोजनिशी लिहिली गेली होती. अबोल नवरा, सैन्यात गेलेला मुलगा आणि स्वयंसेवेच्या कामातून हळूहळू ताठ मानेने उभी राहू लागणारी बाई, हे सारे वुड यांनी फार संयमाने उभे केले. २००७ मध्ये त्यांना लेखिका म्हणून सर्वोत्कृष्ट नाट्यपटाचे आणि अभिनेत्री म्हणून सर्वोत्कृष्ट भूमिकेचे अशी दोन बाफ्टा (ब्रिटनमधील चित्रपट व दूरचित्रवाणी क्षेत्रातील मानाची) पारितोषिके मिळाली. त्याच वर्षी ब्रिटिश साम्राज्याच्या खुणा शोधणाऱ्या ‘व्हिक्टोरियाज एम्पायर’ या माहितीपटमालिकेसाठी त्यांनी कोलकात्यासह अनेक ठिकाणी प्रवास केला. चहाच्या इतिहासावरचा त्यांचा माहितीपट २०१३ मधला. ‘दॅट डे वी सँग’ हे संगीत नाटक १९२९ मध्ये मँचेस्टरच्या शाळकरी मुलांनी केलेल्या एका ध्वनिमुद्रणावर आधारलेले आहे. २०१४ मध्ये त्याचा चित्रपट त्यांनीच दिग्दर्शित केला.

१९९७ मध्ये त्यांना ‘ओबीई’ आणि २००८ मध्ये त्याहून वरचा ‘सीबीई’ हे ब्रिटिश राजसत्तेचे किताब मिळाले. कर्करोगाने लंडनमधील हायगेट येथील राहत्या घरी वयाच्या ६२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. आजाराची वाच्यता त्यांनी केली नव्हती. २०१९ मध्ये बेरीच्या ग्रंथालयाशेजारील बागेत त्यांचा पुतळा उभारण्यात आला. शिल्पकार ग्रॅहम इबसन. भाऊ ख्रिस यांनी त्यासाठी पुढाकार घेतला आणि खर्चाला चाहत्यांनी वर्गणी काढली.