पिंटोंचे बंड: पाद्रींना राजसत्तेविरुद्ध कशाने नेले?

1787 साली गोव्यात पोर्तुगीज सत्ता उलथून टाकण्याचा कट फुटला. कांदोळीच्या पिंटो घराण्यावरून त्याला 'पिंटोंचे बंड' म्हणतात. पकडलेल्या 47 जणांत 17 चक्क पाद्री होते. ख्रिस्ताच्या नावाने राज्य करणाऱ्या राजसत्तेविरुद्ध तिचेच पाद्री उठले, याची मुळे फार मागे जातात.

1455 मध्ये पोप पाचवे निकोलस यांनी पोर्तुगालच्या राजाला नव्या मुलखांवर हक्क दिला आणि धर्मप्रसाराचे कामही सोपवले. पुढे बिशप राजाने निवडायचे, चर्चचा खर्च राजाने करायचा, अशी घडी बसली. चर्च जवळपास सरकारी खातेच झाले म्हणा ना. 1510 मध्ये पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कने गोवा जिंकला. 1540 च्या सुमारास तिसवाडीतली देवळे पाडली गेली आणि 1560 मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा करणारे चर्चचे न्यायासन, आले. त्याचा धाक बाटलेल्यांनाच अधिक, कारण बाप्तिस्मा घेतला की माणूस त्या न्यायासनाच्या कक्षेत यायचा. 1736 च्या फर्मानाने तर लग्नातले जुने रिवाज आणि अंगणातली तुळसही गुन्ह्यात जमा झाली.

इतके करून बाटलेला गोवेकर पोर्तुगिजांच्या बरोबरीचा झाला का? दिवाडीच्या मातेउश द काश्त्रु यांना गोव्यात पाद्रीची दीक्षा नाकारली गेली. ते थेट रोमला गेले, तिथे पाद्री झाले आणि 1637 मध्ये बिशपही. परत आले, तर गोव्यातल्या पोर्तुगीज धर्माधिकाऱ्यांनी त्यांचा अधिकारच मानला नाही. उलट आदिलशहाशी संधान बांधल्याचा ठपका ठेवला. पोपने नेमलेला बिशप राजाला चालत नसेल, तर धर्म कोणाच्या हुकमतीत होता ते उघडच आहे. अर्थात काश्त्रुंचा कैवारही मुख्यतः ब्राह्मण ख्रिस्तींसाठीच होता. जात काही बाप्तिस्म्याच्या पाण्यात विरघळली नव्हती.

1761 मध्ये लिस्बनने कायदा केला: देशी ख्रिस्ती आणि पोर्तुगीज समान. गोव्यातल्या अधिकाऱ्यांनी तो 1774 पर्यंत गुंडाळून ठेवला. त्यानंतरही वरच्या जागा गोऱ्यांकडेच राहिल्या. कायतान फ्रान्सिस्क कोतु आणि जुझे आंतोनियु गोंसाल्विश हे दोन गोवेकर पाद्री लिस्बनला गेले, बिशपपदासाठी खेटे घातले आणि रिकाम्या हातांनी परतले. कटाच्या सूत्रधारांत हे दोघेही होते.

कट फसल्यावर 15 जणांना मृत्युदंड झाला. पाद्रींना फासावर चढवले नाही. खटल्याविना लिस्बनला नेऊन डांबले. इन्क्विझिशन 1812 मध्ये संपले. गोव्याच्या आर्चबिशपपदी पहिला गोवेकर मात्र 1978 मध्ये बसला, पोर्तुगीज निघून गेल्यावर 17 वर्षांनी.