क्लॅम्पचा लिव्हर आणि केसाएवढा फरक

६०० मिमीची लेन्स आणि ४५ मेगापिक्सेलचा फुल-फ्रेम कॅमेरा घ्या. सेन्सरवरचा एक पिक्सेल साधारण ४.३५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग). ६०० मिमीवरून त्याचा कोन भरतो दीड आर्कसेकंद, म्हणजे एका अंशाचा चोवीसशेवा भाग. या लेन्सच्या पायाला, ट्रायपॉडवर बसवण्यासाठी, ६० मिमी लांबीची प्लेट लावलेली आहे. प्लेटचं एक टोक जागेवर राहिलं आणि दुसरं अर्ध्या मायक्रॉनपेक्षाही कमी सरकलं, तरी चित्र एक पिक्सेल हलतं. माणसाचा केस ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. अर्थात ट्रायपॉडचे पाय हलतात, त्यावरचं कॅमेरा वळवणारं बॉल हेड हलतं, वाऱ्याने लेन्स हूडही हलतं. पण या साखळीतल्या ज्या कडीकडे विकत घेताना सगळ्यात कमी लक्ष जातं, ती म्हणजे प्लेट धरणारा क्लॅम्प. तो झटपट उघडतो का एवढंच आपण बघतो. क्लॅम्प मुख्यतः दोन प्रकारचे: नॉब फिरवून आवळायचा, आणि लिव्हर फिरवून बंद करायचा. यातला कुठला घ्यावा, हा इथला प्रश्न.

आज बाजारात बहुतेक हेडवर ‘आर्का’ पद्धतीचा क्लॅम्प असतो. आर्का-स्विस ही मूळची स्वित्झर्लंडची, नंतर फ्रान्सच्या बझांसों शहरात गेलेली कंपनी. तिच्या मोनोबॉल नावाच्या बॉल हेडबरोबर ही पद्धत निसर्ग छायाचित्रकारांत रुळली आणि किर्क, विम्बर्ली, रिअली राइट स्टफ अशा अमेरिकी कंपन्यांनी तिच्या मापाच्या प्लेटा बनवायला सुरुवात केली. प्लेट साधारण ३८ मिमी रुंद. तिच्या दोन्ही कडा ४५ अंशांत तासलेल्या. क्लॅम्पचे जबडेही आतून तसेच तिरके. त्यामुळे जबडा आडवा आत सरकला की प्लेट खाली, क्लॅम्पच्या तळावर दाबली जाते. या तिरक्या कडा फार हुशार आहेत. दोन बाजूंचे तिरके दाब आणि तळाचा दाब मिळून जबड्याच्या जोराच्या जवळपास पाचपट दाब तयार होतो. घर्षणांक (दाबाच्या किती पट जोर लावला की वस्तू सरकते तो आकडा) ०.२ धरला, तर जबडा जितक्या जोराने आवळला जवळजवळ तितकाच जोर प्लेट लांबीच्या दिशेने सरकवायला लागतो. चार-साडेचार किलोची लेन्स आणि कॅमेरा ४५ अंशांत खाली झुकवला, तर प्लेटवर ओढ येते ती साधारण ३० न्यूटनची, म्हणजे तीनेक किलो वजनाइतकी. म्हणजे क्लॅम्प नीट आवळलेला असेल तर घसरण्याची भीती नाही. सगळा प्रश्न त्या ‘नीट’ शब्दाचा आहे.

नॉबवाल्या क्लॅम्पमध्ये ‘नीट’ हे बोटं ठरवतात. आतला बोल्ट एम-६, म्हणजे ६ मिमी जाडीचा, असेल तर नॉबचा एक फेरा म्हणजे जबडा १ मिमी आत. बोटांनी अर्धा ते एक न्यूटन-मीटर पीळ सहज देता येतो. त्यातून जबड्यावर येणारा जोर ढोबळमानाने ४०० ते ८०० न्यूटन. प्लेट ३७.८ मिमीची असो की ३८.३ची, नॉबला फरक पडत नाही. तो थोडा जास्त किंवा थोडा कमी फिरतो आणि जोर तोच देतो. शिवाय आट्यांचा चढ जेमतेम साडेतीन अंशांचा. घर्षणांक ०.१५ धरला तरी साडेआठ अंशांपर्यंतचा चढ आपोआप मागे फिरत नाही, त्यामुळे एकदा आवळलेला स्क्रू आवळलेलाच राहतो.

लिव्हरचं काम वेगळ्या तत्त्वावर चालतं. लिव्हरच्या मुळाशी कॅम असतो, म्हणजे केंद्र एका बाजूला सरकलेली गोल चकती. लिव्हर फिरवला की ही चकती जबड्याला जोडलेली दांडी ओढते. सुरुवातीला ओढ सोपी, मग वाढत जाते, आणि अगदी शेवटी एक शिखर ओलांडून ती किंचित कमी होते. तिथे लिव्हर बसतो. जेवणाच्या स्टीलच्या डब्याचा बाजूचा खटका बंद करताना हाताला जे जाणवतं तेच हे. शिखर ओलांडल्यामुळे आतला ताण लिव्हरला उघडायच्या ऐवजी बंदच ठेवतो.

पण यात एक मेख आहे. लिव्हर जोर मोजत नाही, अंतर मोजतो. बंद केल्यावर जबडा कुठे येऊन थांबायचा हे कारखान्यातच ठरलेलं असतं. त्या जागी प्लेट नेमकी असेल तर पकड उत्तम. किंचित रुंद असेल तर लिव्हर अर्ध्यावर अडतो आणि आपण अंगठ्याने रेटत बसतो. किंचित अरुंद असेल तर लिव्हर अलगद, छान आवाज करत बंद होतो, आणि प्लेट मात्र आत डुलते. दुसरा प्रकार जास्त धोकादायक, कारण तो बंद झाल्यासारखा दिसतो.

‘किंचित’ म्हणजे किती? क्लॅम्पचा ताठपणा, म्हणजे जबडे फाकवायला लागणारा जोर, एका मिमीला १०,००० न्यूटन धरू. धातूच्या एवढ्या छोट्या वस्तूला हा आकडा अवास्तव नाही. मग प्लेटच्या रुंदीत ०.०५ मिमीचा फरक पडला की पकडीत ५०० न्यूटनचा फरक. म्हणजे एका बारीक केसाच्या जाडीवर साधारण ५० किलो वजनाइतका जोर येतो किंवा जातो! संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर ०.०५ मिमीची अचूकता राखणं आज अवघड नाही. भोसरीतलं कुठलंही बऱ्यापैकी वर्कशॉप ते करून देईल. पण वरच्या ॲनोडायझिंगचं, म्हणजे ॲल्युमिनियमवर चढवलेल्या कठीण ऑक्साइडच्या थराचं काय? ५० मायक्रॉनचं हार्ड ॲनोडायझिंग केलं तर त्यातला साधारण निम्मा थर मूळ पृष्ठभागाच्या बाहेर वाढतो. दोन्ही कडा ४५ अंशांत असल्याने रुंदीत ही वाढ ०.०७ मिमीपर्यंत जाते. म्हणजे मशीनिंग कितीही काटेकोर असो, रंगकामाची बॅच बदलली तरी लिव्हरची पकड बदलू शकते.

त्यात भर म्हणजे या प्लेटला कोणाचं अधिकृत प्रमाण नाही. कॅमेऱ्याच्या पोटाला लागणाऱ्या पाव इंची स्क्रूसाठी आयएसओ १२२२ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, पण प्लेटच्या तिरक्या कडांसाठी काहीच नाही. प्रत्येक कंपनीने दुसऱ्याचं माप घेऊन आपलं बनवलं. म्हणूनच रिअली राइट स्टफसारखी नावाजलेली कंपनी आपला लिव्हर क्लॅम्प आपल्या किंवा विम्बर्लीच्या प्लेटांबरोबर वापरा असं सांगते, आणि प्लेटा वेगवेगळ्या कंपन्यांच्या असतील तर नॉब घ्या म्हणते. हा सल्ला विक्रीची युक्ती वाटतो. वरचं गणित पाहिलं की तो प्रामाणिक आहे हे पटतं.

मग ॲडजस्ट होणारे लिव्हर आले. बाजूला छोटी चकती किंवा ॲलन स्क्रू (षटकोनी चावीने फिरणारा) असतो, तो फिरवून लिव्हर बंद झाल्यावर जबडा कुठे थांबेल ते बदलता येतं. कल्पना चांगली आहे. पण बॅगेत तीन कंपन्यांच्या तीन प्लेटा असतील, तर प्रत्येक वेळी ती चकती फिरवायला हवी, आणि मग नॉबच काय वाईट होता? माझ्या मते असा क्लॅम्प घ्यायचा तो एकदाच जुळवून, त्यावर एकाच घराण्याच्या प्लेटा वापरायच्या असतील तर. दर वेळी जुळवायचा असेल तर तो नॉबपेक्षा हळू आहे.

थंडीत लिव्हर सैल होतो असं डोंगरात जाणारे सांगतात. पहिल्यांदा ऐकताना हे अर्धवट वाटतं, कारण प्लेट आणि क्लॅम्प दोन्ही ॲल्युमिनियमची, दोन्ही सारखीच आकसणार. पण जबडा ओढणारी दांडी बहुधा स्टीलची असते, आणि स्टील ॲल्युमिनियमच्या निम्म्यानेच आकसतं. ५० मिमी लांबीची दांडी आणि तापमानात ३० अंशांची घट धरली, तर ०.०१५ ते ०.०१७ मिमीचा फरक येतो. वरच्याच ताठपणाने हिशेब केला तर दीडशेहून जास्त न्यूटन पकड कमी. पुण्यात घरी बसून जुळवलेला लिव्हर हिमबिबट्यासाठी स्पितीला नेला, तर तिथल्या थंडीत तो एकदा पुन्हा तपासावा हे बरं. नॉबवाल्याला हा प्रश्नच येत नाही. तो तिथे पोचून तिथेच आवळतो.

एवढं सगळं ऐकून लिव्हर टाकाऊ वाटेल. तसं नाही. त्याच्या बाजूने जो वेगाचा मुद्दा सांगितला जातो तो मला फारसा पटत नाही. प्लेट वरून उचलायला जबडा तीन-चार मिमी उघडावा लागतो, म्हणजे नॉबचे तीन-चार फेरे, दोन-तीन सेकंदांचं काम. लिव्हरचा खरा फायदा वेगळा आहे: क्लॅम्प बंद आहे की उघडा, हे लांबूनही दिसतं. अंधारात, हातमोज्यांत, थंडीने बधिर बोटांनी नॉब पुरता आवळला की नुसता टेकला हे कळत नाही. रात्री आकाशगंगेचे फोटो काढणाऱ्यांना लिव्हर आवडतो तो यासाठी.

याच्या उलट धोकाही आहे. बाहेर आलेला लिव्हर कॅमेऱ्याच्या पट्ट्यात किंवा जॅकेटच्या बाहीत अडकून उघडू शकतो. म्हणून काहींत लिव्हरवर एक छोटी कळ असते, ती दाबल्याशिवाय तो उठत नाही. काहींत दोन टप्पे असतात, पहिल्या टप्प्यात प्लेट सरकते पण वर निघत नाही. हा दुसरा प्रकार मला जास्त शहाणपणाचा वाटतो. प्लेटच्या टोकांना खालून छोटे थांब-स्क्रू असतील तर ते काढून टाकू नका. क्लॅम्प सैल पडला तर लेन्सला जमिनीपासून वाचवणारी तीच शेवटची गोष्ट असते.

मॅनफ्रोटो या इटालियन कंपनीच्या जुन्या आरसी-२ पद्धतीशी या सगळ्याची तुलना करतात, पण ती जातच वेगळी. त्यात पितळेची एक छोटी पिन असते. प्लेट टेकवली की पिन दबते आणि स्प्रिंगवाला लिव्हर स्वतःहून बंद होतो. झटपट, पण प्लेटला थोडी हालचाल राहते. लहान लेन्सवर चालून जातं, ६०० मिमीवर नाही.

विकत घेताना आपल्याच प्लेटा घेऊन दुकानात जा. प्लेट बसवून लिव्हर बंद करा. शेवटच्या तिसऱ्या भागात बोटाला स्पष्ट विरोध जाणवला पाहिजे, आणि तो प्रत्येक प्लेटला जवळपास सारखा असावा. मग प्लेट दोन्ही टोकांना धरून पिळून पाहा. ‘टक’ असा बारीक आवाज आला तर ती जोडी घेऊ नका. आवाज येत नाही पण लिव्हर अंगठ्याने रेटावा लागतो, तर तीही नको. एवढा ताण रोज घेत राहिला तर कॅम झिजेल.

वापरताना एक गोष्ट सांभाळायची, ती कोकणात आणि गोव्याच्या किनाऱ्यावर विशेष. वाळूचा कण जबड्याच्या तिरक्या कडेत बसला तर तो केसापेक्षा जाड असतो. नॉब तो चिरडून किंवा त्यावर टेकून पकड देतो. लिव्हर मात्र अडतो, नाहीतर जोर लावला की ॲनोडायझिंगला चरा पाडतो. कडा रंगाच्या मऊ ब्रशने झाडायच्या, खाऱ्या हवेतून परत आल्यावर ओल्या फडक्याने पुसून कोरड्या करायच्या. कॅमच्या पिनेला तेलाचा एक थेंब चालेल, पण जबड्यांना तेल लावायचं नाही. तेलाने धूळ धरते आणि ज्या घर्षणावर सगळी पकड उभी आहे तेच कमी होतं.