सव्विसाव्या वर्षाची रेघ: एचपीव्ही लशीची पार्श्वभूमी

चिपळूण किंवा कणकवलीच्या एखाद्या दवाखान्यात तेवीस वर्षांची मुलगी एचपीव्ही या विषाणूविरुद्धची लस घ्यायला गेली, तर तिला बहुधा दोन प्रश्न विचारले जातात: वय किती, आणि लग्न झाले आहे का. दुसरा प्रश्न ऐकून सोबत आलेली आई अवघडते. या दोन्ही प्रश्नांना इतिहास आहे.

गर्भाशयमुखाचा, म्हणजे आपल्याकडे बायका ज्याला ‘पिशवीच्या तोंडाचा’ म्हणतात तो, कर्करोग ह्यूमन पॅपिलोमा विषाणूमुळे, म्हणजेच एचपीव्हीमुळे, होतो, हे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउसेन यांच्या संशोधनातून पुढे आले. १९८३ मध्ये त्यांच्या गटाला या कर्करोगाच्या पेशींत विषाणूचा १६ क्रमांकाचा प्रकार सापडला आणि पुढच्या वर्षी १८ क्रमांकाचा. या कामासाठी त्यांना २००८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. १९९१ मध्ये ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड विद्यापीठात इयान फ्रेझर आणि जियान झोऊ यांनी या विषाणूच्या कवचाची प्रथिने वेगळी तयार केली, तेव्हा ती आपोआप जुळून पोकळ गोळे बनतात असे दिसले. आत जनुकीय द्रव्य नसलेल्या अशाच पोकळ कवचांची लस असते. त्यामुळे तिच्यातून संसर्ग होत नाही. शरीर मात्र कवच ओळखायला शिकते आणि विषाणू पेशीत शिरण्याआधीच त्याला अडवते. आधीच शिरलेल्या विषाणूला ती बाहेर काढू शकत नाही. विषाणू प्रामुख्याने लैंगिक संबंधांतून पसरत असल्याने ‘लग्न झाले आहे का’ हा प्रश्न येतो. खरे विचारायचे असते ते दुसरेच, आणि लग्न हा त्यावरचा आडपडदा. लग्न झाले म्हणून लस वाया गेली, असा मात्र त्याचा अर्थ नाही, कारण लस ज्यांच्याविरुद्ध आहे त्या सगळ्याच विषाणू-प्रकारांचा संसर्ग त्या स्त्रीला आधी झालेला असण्याची शक्यता कमी असते.

वयाच्या प्रश्नाचे मूळ चाचण्यांत आहे. गार्डासिल या पहिल्या लशीच्या मोठ्या चाचण्या साधारण १५ ते २६ वर्षांच्या स्त्रियांवर झाल्या. लहान मुलींच्या गर्भाशयमुखाची तपासणी त्या वयात करणे योग्य नसल्याने त्यांच्याबाबत केवळ रक्तातील प्रतिपिंडे मोजली गेली. जून २००६ मध्ये अमेरिकेत ९ ते २६ या वयासाठी परवानगी मिळाली ती या आधारावर. जिच्यावर लस आधी पारखली गेली ती तरुण स्त्रीच पुढे अनेक सरकारी मोहिमांच्या बाहेर राहिली, हा विरोधाभास मला लक्षणीय वाटतो. उशिरा घेतल्याने लाभ घटतो, हे खरे आहे: स्वीडनमध्ये सुमारे १७ लाख मुली व स्त्रियांच्या नोंदी तपासून २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सतराव्या वर्षाआधी लस घेतलेल्यांत हा कर्करोग ८८ टक्क्यांनी कमी आढळला, तर १७ ते ३० या वयात घेतलेल्यांत ५३ टक्क्यांनी. पण निम्म्याहून अधिक ही घटही लहान नव्हे.

भारतात लस २००८ मध्ये आली आणि लगेचच वादात सापडली. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्रातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा येथे १० ते १४ वर्षांच्या मुलींना ती प्रायोगिक प्रकल्पातून देण्यात आली. सात मुलींचे मृत्यू झाल्यावर एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबला. मृत्यूंचा लशीशी संबंध चौकशीत आढळला नाही. पण पालकांऐवजी वसतिगृहांच्या अधीक्षकांनी संमतिपत्रांवर सह्या केल्याचे उघड झाले, आणि २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर कठोर ताशेरे ओढले. आजही गावोगावी कुणीतरी ‘त्या लशीने मुली गेल्या होत्या’ असे म्हणते, त्याचा उगम इथे आहे. संमती नीट घेतली असती, तर ही अफवा इतकी चिवट ठरली नसती असे वाटते.

त्याच थांबवाथांबवीत बार्शी, पुणे आणि मुंबई यांसह देशातील नऊ केंद्रांवर चाललेला दुसरा अभ्यासही अर्धवट राहिला. अनेक मुलींना एकच डोस मिळाला. त्यांचा पाठपुरावा दहा वर्षे झाला आणि १६ व १८ या प्रकारांच्या दीर्घकाळ टिकणाऱ्या संसर्गापासून एका डोसनेही सुमारे ९५ टक्के संरक्षण मिळाल्याचे २०२१ मध्ये जाहीर झाले. डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने २० वर्षांपर्यंत एक किंवा दोन डोस आणि २१ नंतर सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस पुरेत, असे म्हटले, त्यामागे हाही पुरावा होता.

जुलै २०२२ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हाव्हॅक या एचपीव्ही लशीला परवानगी मिळाली. १५ ते २६ या वयासाठी तिचे मात्र परवान्यानुसार तीन डोस आहेत: पहिला, दोन महिन्यांनी दुसरा, पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. कोकणात यात वेगळ्याच अडचणी येतात. लस २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये राहावी लागते, आणि पावसाळ्यात वीज तासन्‌तास जाते. शिवाय ती गोठली तर निकामी होते, म्हणून मासळीसारखी थेट बर्फात घालून नेता येत नाही. मे महिन्यात, आंब्याच्या दिवसांत गावी आलेल्या मुलीने पहिला डोस घेतला, तर दुसरा जुलैत येतो आणि तिसरा नोव्हेंबरात. नोकरी मुंबईला असेल, तर मधला डोस तिकडेच घ्यावा लागतो, आणि तेव्हा पहिल्या डोसचे कार्ड गावच्या घरी फडताळात राहिलेले नसले म्हणजे झाले.