छोकरा, गडी, हुजऱ्या: चाकरीतल्या पोरांची जुनी नावं

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या शेजारणीने माझ्या मुलाचं कौतुक केलं, ‘छोकरो बहु डाह्यो छे’, म्हणजे मुलगा फार शहाणा आहे, तेव्हा पुण्याहून आलेल्या माझ्या आत्याचा चेहरा पडला. गुजरातीत छोकरो म्हणजे नुसता मुलगा. मराठीत छोकरा म्हटलं की हलकेपणा येतो. साहेबांच्या बंगल्यांवर तर कामाच्या पोराला छोकराच म्हणत, आणि इंग्रजांनी तो शब्द आपल्या भाषेतही नेला. वडोदऱ्यात एकाच ओट्यावर या शब्दाचे दोन्ही अर्थ भेटतात.

चाकरीचे जुने शब्द उकलत गेलं की बहुतेकांच्या तळाशी मुलगा, सोबती नाहीतर शिष्य सापडतो. गुलाम घ्या. अरबीत त्याचा मूळ अर्थ तरुण मुलगा. दास हा अर्थ मागून चिकटला. पत्त्यांच्या कॅटमधला गुलाम नीट पाहा: राजा दाढीवाला, हा बहुधा कोवळ्या चेहऱ्याचा. त्या पत्त्याला इंग्रजीत पूर्वी नेव्ह म्हणत, त्याचाही मूळ अर्थ मुलगाच. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन भाषांत मुलाचा शब्द चाकरीच्या वाटेनेच खाली घसरला, हे मला फार बोलकं वाटतं.

नोकर शब्द फारसीतून आला, पण त्याचं मूळ मंगोल आहे. नोकोर म्हणजे सोबती. चंगेजखानाचे निष्ठावान साथीदार त्याचे नोकोर होते. आपल्या गड्याचंही तसंच. खेळगडी आणि सवंगडी बरोबरीचे, कबड्डीत बाद होतो तोही गडीच. मात्र घरगडी आणि गुढीपाडव्याला वर्षाच्या बोलीवर ठरणारा सालगडी हुकमाचे ताबेदार.

शागीर्द या शब्दाचं मला सगळ्यात वाईट वाटतं. फारसीत तो शिष्य. मराठी दफ्तरांत मात्र शागीर्दपेशा म्हणजे सरकारी वा खासगी चाकरीतली खालची सगळी माणसं. इथे वडोदऱ्यात मौलाबक्ष यांनी 1886 मध्ये गायनशाळा सुरू केली, पुढे फैयाज खाँ दरबारी गायक झाले. गाण्याच्या दुनियेत शागीर्द म्हणवून घेण्यात अभिमान होता आणि आजही आहे.

वाड्यातल्या माणसांची नावं जागेवरून पडली. हुजूर म्हणजे समक्षता. सतत धन्याच्या नजरेसमोर राहणारा तो हुजऱ्या. खवास हा खासचा भाऊबंद. हत्तीवरच्या अंबारीत धन्याच्या मागे सेवकाची जागा असे, तिला खवासखाना म्हणत. अशा जवळिकीतून नशीबही उघडे. ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्याचे मूळ पुरुष राणोजी पेशव्यांचे जोडे सांभाळत आणि झोपेतही ते छातीशी धरून होते, अशी आख्यायिका आहे. पण राणोजी एखादाच. बाकीच्यांची नावं कोणी लक्षात ठेवली नाहीत.

वडोदऱ्याचे सयाजीराव महाराज मूळचे नाशिककडच्या कवळाण्याचे; 1875 मध्ये गायकवाडांच्या राजघराण्यात दत्तक येईपर्यंत खेड्यातला गोपाळ. त्यांनी 1893 मध्ये अमरेली भागात आणि 1906 मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. कामावर जायच्या वयाचं पोर शाळेत बसवायचं, हा त्या काळी केवढा मोठा निर्णय होता! राज्यकारभाराच्या शब्दांचा ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा बहुभाषी कोशही त्यांच्याच कारकिर्दीत, 1931 मध्ये निघाला.

चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला किंवा ढाब्यावर ठेवण्यास ऑक्टोबर 2006 पासून बंदी आली. हाक मात्र राहिली. मराठी हॉटेलात ती पोऱ्या, इकडे छोटू. आमच्या बाजारात चहा पोचवणाऱ्या छोटूच्या मिशा आता पिकल्या आहेत. परवा मी त्याला नाव विचारलं. त्याने आधी गल्ल्यावरच्या शेठकडे पाहिलं, मग सांगितलं.